नाव पुसायचं राहून गेलं

स्वातंत्र्यानंतरची पहिली वीस-पंचवीस वर्षं भारत गरीब होता, पण इथली औषधं श्रीमंत देशांच्या भावाने विकली जात. अमेरिकेत सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांच्या समितीने १९५९ पासून औषधकंपन्यांच्या नफ्याची झडती घेतली. औषधं सर्वांत महाग असलेल्या देशांच्या यादीत तिने भारताचं नाव घातलं. त्यामागे इंग्रजांनी १९११ साली केलेला पेटंट कायदा होता. औषध शोधणारी परदेशी कंपनी इथे कारखाना काढो वा न काढो, ते बनवायला दुसऱ्या कुणाला मुभा नसे. मुंबईत ख्वाजा अब्दुल हमीद यांची सिप्ला १९३५ पासून होती, सरकारने १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सही उभारली. पण नव्या औषधांच्या वाटेवर पेटंटचं कुलूप होतं.

ते उघडलं २० एप्रिल १९७२ रोजी, नवा पेटंट कायदा लागू झाला तेव्हा. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर तो बेतलेला होता. आता पेटंट मिळणार ते औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीला. आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षं. पद्धत बदला आणि तेच औषध बनवा, असा हा मोकळा परवाना होता. भारतीय रसायनतज्ज्ञांनी त्याचं सोनं केलं.

मात्र इथेच एक गंमत झाली, आणि तिचा हिशेब अजून मिटलेला नाही. अमेरिकेत पेटंट संपलं की मूळ ब्रँडसमोर रासायनिक नावाची स्वस्त गोळी, म्हणजे जेनेरिक, येते आणि बहुतेक वेळा फार्मासिस्ट तीच देतो. आपल्याकडे नक्कल करणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपल्या गोळीचं वेगळं बारसं केलं. एका पॅरासिटामॉलची शेकडो नावं झाली आणि ती डॉक्टरांच्या तोंडी बसवायला एमआर म्हणजे कंपन्यांच्या वैद्यकीय प्रतिनिधींची फौज उभी राहिली. त्यामुळे ‘जेनेरिक की ब्रँडेड’ हा आपला वाद बहुतेक वेळा दोन जेनेरिकांमधलाच असतो. एकाला नाव आहे, दुसऱ्याला नाही, एवढंच.

हे सरकारच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५ च्या अहवालात ब्रँडनावं टप्प्याटप्प्याने रद्द करा, असं स्पष्ट सुचवलं. शेजारच्या पाकिस्तानने १९७२ मध्ये हा प्रयोग एका फटक्यात केला होता आणि १९७६ पर्यंत गुंडाळलाही होता. बहुधा म्हणूनच दिल्लीने सावध पाऊल टाकलं. अ‍ॅनाल्जिन, अ‍ॅस्पिरिन, क्लोरप्रोमॅझिन, फेरस सल्फेट, पायपेराझिन अशा पाचच औषधांपासून सुरुवात करायचं ठरलं. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि ती बंदी टिकली नाही. त्यानंतर ब्रँडनावांना इतक्या थेट हात घालायचं धाडस कुठल्याच सरकारने केलेलं नाही.

परदेशात मात्र याच उद्योगाने नाव काढलं. एड्सवरच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तो ३५० डॉलरवर आणून दाखवला, म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी. आफ्रिकेतल्या उपचारांचं गणितच त्याने बदललं. घरच्या रुग्णाची चिठ्ठी मात्र होती तशीच राहिली.

जेनेरिकच्या दर्जाबद्दल डॉक्टरांना असलेल्या शंकेत तथ्यच नाही, असं म्हणता येणार नाही. नक्कल मूळ औषधाइतकीच रक्तात उतरते का, ही चाचणी सहज न विरघळणाऱ्या औषधांसाठी सक्तीची व्हायला २०१७ उजाडलं. थायरॉइडच्या किंवा अपस्माराच्या गोळ्यांची कंपनी वरचेवर न बदलणंच बरं, हा सल्लाही रास्त आहे. पण दुकानात ‘जेनेरिक’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांवर छापील किंमत ब्रँडच्या जवळपासच असते. मधला फरक रुग्णाच्या नव्हे, मेडिकलवाल्याच्या खिशात जातो. हा प्रकार शंकेपेक्षा जास्त खटकायला हवा. नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसरला स्वस्त जेनेरिक औषधांचं पहिलं जनऔषधी केंद्र सरकारने उघडलं ते या साखळीला वळसा घालण्यासाठी.

पण तिथेही चिठ्ठी आडवी येते. औषध नियमावलीतला ६५ वा नियम सांगतो की चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल, तर दुकानदाराने त्याऐवजी दुसरं औषध देऊ नये, घटक तोच असला तरी. म्हणजे निवड ना रुग्णाची, ना फार्मासिस्टची. ती होते डॉक्टरच्या लेखणीने. वैद्यक परिषदेने २००२ पासून शक्यतो जेनेरिक नाव लिहा, असं सांगून पाहिलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये ते सक्तीचं केलं आणि शिक्षेची तरतूदही केली. डॉक्टरांच्या संघटनांनी आक्षेप घेतला, की यामुळे निवड दुकानदाराच्या हाती जाईल. आणि दर्जाची हमी कोण देणार? आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, पण दर्जा सुधारा म्हणण्याऐवजी नियमच थांबवा, अशी मागणी झाली. ऑगस्ट संपायच्या आतच आयोगाने ती नियमावली स्थगित केली.