कर्णा आणि त्याचा जोडीदार

ड्रायव्हरचे तोंड कर्ण्याच्या गळ्याला नीट बसले की काम संपले, असे घरी ध्वनिवर्धक जुळविणाऱ्या हौशी मंडळींना वाटते. इतिहास निराळे सांगतो.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वेन्टी व थुरास यांनी १९२६ च्या सुमारास बोलपटांसाठी वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ‘५५५’ ड्रायव्हर सिद्ध केला. त्याचा पातळ धातूचा पडदा अरुंद पोकळीतील हवा दाबी आणि कर्णा तो दाब हळूहळू रुंदावत प्रेक्षागारात सोडी. पुढे खालच्या व वरच्या स्वरांना निरनिराळे कर्णे आले. खालच्या स्वरांचा कर्णा फार लांब, म्हणून त्याचा आवाज मागे राही, आणि पडद्यावरील नर्तकीच्या पावलाचा एकच ठोका दोनदा ऐकू येई. ध्वनी सेकंदाला सुमारे ११३० फूट धावतो. तरी वाटेतील काही फुटांचा फरक कानाने पकडला! एम.जी.एम. स्टुडिओत डग्लस शिअरर व जॉन हिलियर्ड यांनी तो कर्णा आखूड करून दोन्ही वाटा जुळविल्या. १९३६ सालासाठीचे ॲकॅडमी पारितोषिक शिअरर यांना व त्यांच्या ध्वनिविभागाला लाभले.

माणसाचा शब्द मुख्यत्वे मधल्या स्वरांत राहतो. म्हणून तेथील कर्णा निवडताना तो किती खालपर्यंत ड्रायव्हरला साथ देतो आणि त्याचा आवाज शेजारच्या कर्ण्याबरोबरच पोहोचतो की नाही, हे आधी पट्टीने मोजावे. मग कानाने तपासावे.