साडेपाच मीटर कागद : १९५५ ची मिल्ले मिल्या आणि एका मोटारीची तयारी

१/
१ मे १९५५. उत्तर इटलीतील ब्रेशिया शहर. सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी लाकडी उतारावरून एक रुपेरी, उघडी मोटार रस्त्यावर उतरली. तिच्या अंगावर लाल रंगात एकच आकडा होता : ७२२. तो आकडा म्हणजेच तिची निघण्याची वेळ. पुढे होता सुमारे १,६०० किलोमीटरचा सार्वजनिक रस्ता.

२/
चालक होता स्टर्लिंग मॉस, वय अवघे २५. शेजारी बसला होता डेनिस जेन्किन्सन, दाढीवाला, चष्मा लावणारा, लहान चणीचा एक पत्रकार. त्याच्या हातात ना सुकाणू होते, ना नकाशा. होती फक्त अॅल्युमिनियमची एक डबी. ही शर्यत त्या डबीत बंद होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

३/
आधी शर्यतीविषयी. १९२१ मध्ये इटलीची पहिली ग्रां प्री ब्रेशियाजवळ झाली. पुढच्याच वर्षी तो मान मोंझाकडे गेला. हे शल्य ब्रेशियाकरांच्या मनात राहिले. आयमो माज्जी, फ्रांको मात्सोत्ती, रेन्झो कास्तान्येतो आणि जोव्हान्नी कानेस्त्रिनी या चौघांनी त्यावर एक अचाट उत्तर शोधले : शर्यतीसाठी मैदान नको, अवघा देशच मैदान होऊ दे.

४/
ब्रेशियाहून रोमपर्यंत आणि परत. अंतर सुमारे एक हजार रोमन मैल, म्हणून नाव मिल्ले मिल्या, अर्थात ‘हजार मैल’. १९२७ च्या पहिल्या शर्यतीत ब्रेशियातच बनलेल्या ओएम मोटारीने विजय मिळवला. तिला २१ तासांहून अधिक वेळ लागला. सरासरी वेग ताशी सुमारे ७७ किलोमीटर.

५/
या शर्यतीत परकीयांची डाळ सहसा शिजत नसे. १९५४ पर्यंत देशभरच्या या लांब मार्गावर इटालियन नसलेला एकच चालक जिंकला होता : १९३१ मध्ये जर्मनीचा रुडॉल्फ काराचिओला. (१९४० मध्ये आणखी एक जर्मन विजेता झाला, पण ती शर्यत ब्रेशिया, क्रेमोना आणि मांतुआ यांमधील छोट्या त्रिकोणी मार्गावर झाली होती.)

६/
कारण सरळ होते. बंदिस्त मार्गावर चालक तीच वळणे पुन्हा पुन्हा घेतो आणि दहाव्या फेरीत ती त्याला पाठ होतात. इथे मात्र प्रत्येक वळण आयुष्यात एकदाच समोर येई. इटालियन चालक याच रस्त्यांवर वाढले होते; रस्ता त्यांच्या स्मरणात होता. परकीयाकडे ते स्मरण नव्हते, आणि हजार मैल तोंडपाठ करणे कोणालाही अशक्यच.

७/
१९५५ मध्ये मर्सिडीज-बेंझने या शर्यतीसाठी जी मोटार उतरवली ती ३०० एसएलआर. तिचा मुख्य अभियंता रुडॉल्फ उलेनहाउट, तर संघाचा व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर. एका रांगेत आठ सिलिंडर, सुमारे तीन लिटरचे इंजिन, ३०० च्या आसपास अश्वशक्ती आणि वजनाला हलक्या मॅग्नेशियम मिश्रधातूची काया. सरळ रस्त्यावर ती ताशी २७० किलोमीटरच्या घरात जाई.

८/
मोटारीच्या तयारीत काही उणे ठेवले गेले नाही. जेन्किन्सनसाठी त्याच्या मापाचे आसन बनले. वाटेत टायर फुटला तर मदतीला मेकॅनिक धावून येणार नव्हता; म्हणून चाक बदलण्याचा आणि किरकोळ दुरुस्त्यांचा सराव दोघांनी स्वतः केला. परंतु अशी मोटार मर्सिडीजच्या चारही चालकांकडे होती. फरक पडणार होता तो दुसऱ्याच तयारीने.

९/
त्या तयारीची कल्पना मुळात जॉन फिच या अमेरिकी चालकाची. जेन्किन्सन आणि फिच यांच्यात आधी चर्चा झाली होती : शेजारी बसलेल्या माणसाने रस्ता आधीच लिहून आणला आणि चालकाला पुढचे वळण वेळेवर सांगितले, तर स्थानिकांच्या स्मरणशक्तीशी टक्कर देता येईल. मॉसने जेन्किन्सनला सोबत बोलावले, तेव्हा फिचने मोठ्या मनाने त्याला मोकळे केले.

१०/
जेन्किन्सनची निवडही सहज झालेली नव्हती. तो ‘मोटर स्पोर्ट’ मासिकाचा युरोपातील वार्ताहर होता; पण त्याआधी एरिक ऑलिव्हरच्या साइडकार मोटारसायकलवर सहप्रवासी म्हणून त्याने १९४९ ची जागतिक स्पर्धा जिंकली होती. दुसऱ्याच्या हाती जीव सोपवून, डोके शांत ठेवून काम करणे त्याच्या अंगवळणी पडले होते.

११/
फेब्रुवारीपासून दोघे इटलीच्या रस्त्यांवर उतरले. संपूर्ण मार्ग पुन्हा पुन्हा पालथा घातला. रस्ते तेव्हा रहदारीसाठी खुले होते. बैलगाड्या, सायकली, मालमोटारी, सारे काही वाटेत येई. एकदा तर लष्करी मालमोटारीशी टक्करही झाली. तरीही दर फेरीत टिपणे वाढत गेली.

१२/
काय टिपले? रेल्वेची फाटके. टायर घसरेल असे डांबर. मोटार उडेल असे उंचवटे. बाहेरून सोपे वाटणारे पण आत गेल्यावर आवळत जाणारे वळण. धोक्याच्या प्रमाणात वळणांची तीन प्रकारांत वर्गवारी केली. जागा नेमकी कळावी म्हणून रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांचा आधार घेतला.

१३/
सर्वांत मोलाची नोंद होती ती चढांची. चढाच्या माथ्यावर रस्ता दिसेनासा होतो. पलीकडे तो सरळ जातो की वळतो, हे ठाऊक नसलेला चालक वेग कमी करतो. पलीकडे सरळ रस्ता आहे, हे कागदावर लिहिलेले असेल, तर वेग कमी करण्याचे कारणच उरत नाही.

१४/
या साऱ्या टिपणांची १७ पाने झाली. उघड्या मोटारीत, झंझावाती वाऱ्यात पाने उलटणे शक्य नव्हते. म्हणून मजकूर सुमारे साडेपाच मीटर लांब कागदी पट्टीवर उतरवण्यात आला. जुन्या जन्मपत्रिकेसारखी ही गुंडाळी दोन रुळांवर चढवून अॅल्युमिनियमच्या डबीत बसवली. वर पारदर्शक खिडकी, बाजूला फिरवायची कळ. पाऊस आला तरी अक्षर पुसले जाणार नव्हते.

१५/
उरला प्रश्न सांगण्याचा. इंजिनाच्या गर्जनेत शब्द ऐकू येणे अशक्य. त्यामुळे हाताच्या सुमारे १५ खुणा ठरल्या. जेन्किन्सन डबीत पाही, दगड ओळखी, हात पुढे करी. मॉस नजरेच्या कोपऱ्यातून ती खूण टिपे. पाहणारे डोळे दोन माणसांचे, पण मोटार चालवणारे मन जणू एकच.

१६/
आता त्या चढाकडे पुन्हा पाहावे. ताशी २७० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. समोर माथा, पलीकडे फक्त आकाश. जेन्किन्सनची खूण होते : रस्ता सरळ आहे. मॉस पाय उचलत नाही. कागदावरची एक ओळ चुकीची असेल तर दोघांचाही शेवट. इथे धैर्य एकट्या चालकाचे नव्हते, लिहिणाऱ्याचेही होते. लिहिणारा त्याच मोटारीत बसलेला होता.

१७/
शर्यत निर्विघ्न पार पडली असे नव्हे. पादुआत मॉसने एक वळण चुकवले आणि मोटार गवताच्या भाऱ्यांवर आदळली. ती संधी साधून युजेनिओ कास्तेलोत्तीची फेरारी पुढे निघून गेली. वाटेत जेन्किन्सनला वांती झाली आणि बाहेर झुकताना वाऱ्याने त्याचा चष्मा उडवून नेला. सुदैवाने दुसरा चष्मा सोबत होता. तयारी म्हणतात ती हीच!

१८/
मार्ग आड्रियाटिक किनाऱ्याने पेस्काराला, तेथून डोंगर ओलांडून रोमला आणि पुढे सिएना, फ्लोरेन्स, फुता आणि रातिकोसा या खिंडींतून बोलोन्याला जात होता. रोमला जो आघाडीवर असतो तो ब्रेशियाला जिंकत नाही, अशी एक जुनी समजूत होती. रोमला आघाडीवर होता मॉसच.

१९/
समजूत खोटी ठरली. १० तास ७ मिनिटे ४८ सेकंद. सरासरी वेग ताशी १५७.६५ किलोमीटर. डोंगर, गावे, फाटके आणि थांबे धरून! हा विक्रम पुढे कधीच मोडला गेला नाही. मिल्ले मिल्या जिंकणारा मॉस पहिला ब्रिटिश चालक ठरला.

२०/
दुसरा आला हुआन मॅन्युएल फान्जिओ, त्या काळचा सर्वश्रेष्ठ चालक. मोटार तीच, पण शेजारचे आसन रिकामे. तो सुमारे ३२ मिनिटांनी मागे पडला. शेवटच्या टप्प्यात त्याच्या इंजिनाने पूर्ण साथ दिली नव्हती, हे खरे. तेव्हा सारा फरक कागदाचाच म्हणता येणार नाही. परंतु स्मरणशक्तीच्या या शर्यतीत लिखित टिपणाने बाजी मारली, हे निर्विवाद.

२१/
जेन्किन्सनने या प्रवासाचा वृत्तांत ‘मोटर स्पोर्ट’मध्ये लिहिला आणि मोटार-पत्रकारितेत तो अभिजात मानला गेला. आज कोणत्याही रॅलीत सहचालक वही उघडून पुढची वळणे वाचून दाखवतो, त्या परंपरेच्या आरंभीच्या आणि सर्वांत गाजलेल्या प्रयोगांत ही गुंडाळी मोडते.

२२/
मात्र इतिहास विजयापाशी थांबला नाही. त्या गुंडाळीत दगड होते, वळणे होती, फाटके होती. एक गोष्ट तीत नव्हती, आणि असूही शकत नव्हती : रस्त्याच्या कडेला हातभर अंतरावर उभी असलेली माणसे. शर्यतीच्या दिवशी लाखो लोक घराबाहेर येत. त्यांच्या आणि मोटारींच्या मध्ये बहुतेक ठिकाणी काहीही नसे.

२३/
हा धोका नवा नव्हता. १९३८ मध्ये बोलोन्यात एक मोटार गर्दीत घुसली. दहा जण दगावले, त्यांत सात मुले होती. त्यानंतर शर्यतीवर बंदी आली. १९४० ची छोट्या मार्गावरील शर्यत हा त्याचाच परिणाम. युद्धानंतर, १९४७ मध्ये, मिल्ले मिल्या पुन्हा लांब मार्गावर आली. बोलोन्याचा धडा मात्र मागे पडला.

२४/
मॉसच्या विजयाला सहा आठवडेही झाले नव्हते. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समध्ये, ल मां येथे, पिएर लेव्हेची ३०० एसएलआर एका मोटारीवर आदळून प्रेक्षकांत कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वर्षअखेरीस मर्सिडीजने शर्यतींतून माघार घेतली.

२५/
१२ मे १९५७. मिल्ले मिल्या संपायला थोडेच अंतर उरले असताना, ग्विदित्सोलो गावाजवळ आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो आणि त्याचा सहप्रवासी एडमंड नेल्सन ठार झाले; त्यांच्यासोबत नऊ प्रेक्षकही, ज्यांत पाच मुले होती. एन्झो फेरारीवर खटला चालला. १९६१ मध्ये तो निर्दोष सुटला. वेगाची मिल्ले मिल्या मात्र संपली.

२६/
१९७७ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले, पण निराळ्या रूपात. १९२७ ते १९५७ या काळात शर्यतीत उतरलेल्या प्रकारांच्या जुन्या मोटारी ब्रेशियाहून रोमला जातात आणि परत येतात. एका दिवसात नव्हे, काही दिवसांत. जिंकतो तो सर्वांत वेगवान नव्हे, तर ठरलेल्या वेळेशी सर्वांत प्रामाणिक राहणारा.

२७/
या मोटारी रस्त्यावर आणायच्या तर ब्रेक, टायर, विजेच्या तारा, इंजिनाचे तापमान, सारे महिनोन्‌महिने तपासावे लागते. आणि आजही शेजारच्या आसनावरील माणसाच्या मांडीवर मार्गाची वही असते. जेन्किन्सनच्या डबीचा वारसा असा जिवंत आहे.

२८/
१९५५ ची ती तयारी दोन गोष्टी शिकवते. पहिली : स्मरणापेक्षा टिपण विश्वासार्ह, आणि जो लिहितो त्याने त्याच मोटारीत बसावे. दुसरी अधिक कठोर आहे. दोन माणसे सुखरूप पोहोचावीत म्हणून हजार मैलांचा एकेक दगड टिपला गेला; रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मुलांसाठी तशी वही कोणी केली नाही. तयारी उत्तम होती. ती कोणासाठी होती, हा प्रश्न विचारायला आणखी दोन वर्षे आणि अकरा जीव लागले.