तीव्र उतार, खालचा पाय आणि कंदहार

गेल्या फेब्रुवारीत गुलमर्गला कोंगदूरीच्या वरच्या उतारावर मी जवळपास वीस मिनिटं एकाच जागी उभा होतो. खाली जायची हिंमत होत नव्हती आणि स्की बांधलेल्या पायांनी वर चढता येत नव्हतं. हा माझा तिसरा हिवाळा. आधीचे दोन हिवाळे खालच्या गोल्फ मैदानाच्या सौम्य उतारांवर गेले होते आणि मला स्की येते, असं मी मित्रांना सांगायलाही लागलो होतो. चेअरलिफ्टनं मेरी शोल्डरला पोहोचलो, तेव्हा दोन वळणांत तो भ्रम उतरला. तिसऱ्या वळणावर आपटलो आणि बराच खाली घसरत गेलो.

शिकवणारा तंगमर्गचा तरुण पोरगा होता. माझी सुटलेली स्की घेऊन तो शांतपणे आला. म्हणाला, “जनाब, आप पहाड़ को पकड़ रहे हैं. वज़न नीचे वाले पाँव पर रखिए.” दिवसभर त्याचं हे एकच पालुपद चाललं होतं.

उतारावर आडवं उभं राहिलं की एक पाय डोंगराकडे असतो, दुसरा दरीकडे. भीती वाटली की शरीर आपसूक डोंगराकडे झुकतं. सिंहगड उतरताना आपण मागं रेलतो, तसंच. पण स्कीवर हीच सवय घात करते. वजन वरच्या स्कीवर गेलं की खालच्या स्कीची धार बर्फातून सुटते आणि ज्या डोंगराचा आधार घ्यायला गेलो, त्याच्याच अंगावरून माणूस घरंगळतो. जिथं पडायची भीती आहे, त्या दरीच्या बाजूलाच छाती वळवायची आणि भार टाकायचा. कळायला सोपं आहे, पण पन्नाशीतल्या गुडघ्यांना ते पटवणं महाकठीण.

रात्री कांगडी घेऊन बसलो असताना डोक्यात आलं की, हे पहिल्यांदा कुणी शोधलं असेल? घरी परतल्यावर वाचत गेलो.

स्की मुळात उत्तरेकडची. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या तेलेमार्क भागातल्या सोंद्रे नोरहाइमनं तिला वळण घ्यायला शिकवलं, असं मानतात. पण आल्प्सचे उतार अधिक खडे होते. तिथं ही लांबलचक फळी वळेना. हा प्रश्न सोडवला माथियास झदार्स्की या माणसानं. जन्म मोराव्हियातला, वस्ती व्हिएन्नाजवळच्या लिलियनफेल्डला. नानसेननं १८८८ मध्ये स्कीवर ग्रीनलंड ओलांडलं. ती हकिकत वाचून झदार्स्कीनं नॉर्वेहून स्की मागवली आणि कुणी गुरू नसताना एकट्यानं धडपडत बसला. स्की आखूड केली आणि टाच डगमगणार नाही असं बंधन बनवलं. एका स्कीचं शेपूट बाहेर ढकलून वेग मारायचा आणि वळायचं, ही त्याची पद्धत. १८९६ मध्ये त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. नॉर्वेच्या पठडीतले लोक त्याच्यावर तुटून पडले. त्याच्या हातात एकच लांब काठी असायची, तिचीही थट्टा झाली. पण हा गडी सामान्य माणसांना फुकट शिकवत राहिला. १९०५ च्या मार्चमध्ये मुकनकोगेल डोंगरावर त्यानं दारं रोवून उतरण्याची स्पर्धा घेतली. ८५ दारं, २४ स्पर्धक. पहिल्या महायुद्धात तो हिमस्खलनात गाडला गेला, ऐंशीच्या आसपास हाडं मोडली. तरीही तो पुन्हा स्कीवर उभा राहिला. माझ्या एका आपटण्याचं कौतुक तिथंच संपलं.

पुढचं काम हान्नेस श्नायडरचं. १९०७ पासून तो सेंट आन्टनला हॉटेलातल्या पाहुण्यांना शिकवायचा. सुट्टीला आलेली ही शहरी माणसं थोडीच डोंगरात वाढलेली होती? त्यांच्यासाठी त्यानं पायऱ्या पाडल्या. आधी पाचर, म्हणजे दोन्ही स्कींची टोकं जवळ आणि शेपटं लांब. मग एका पायानं ढकलून वळण. मग वळणाच्या शेवटी दोन्ही स्की समांतर. गुडघे वाकवायचे, अंग पुढं टाकायचं. एक पायरी जमल्याशिवाय पुढच्या वर्गात जायचं नाही. हीच ती आर्लबर्ग पद्धत. गोल्फ मैदानावर मला जे ‘पाचर, पाचर’ करून छळलं गेलं, त्याचं मूळ इथं आहे. १९२६ मध्ये रुडोल्फ लेटनर या ऑस्ट्रियन माणसानं स्कीला पोलादी कड लावली आणि कडक बर्फावरही पकड मिळाली.

वाचता वाचता एका नावापाशी थबकलो. १९२८ मध्ये श्नायडर आणि अर्नोल्ड लन या इंग्रजानं सुरू केलेल्या शर्यतीचं नाव ‘आर्लबर्ग-कांदाहार’. लनचा जन्म मद्रासचा. पण आल्प्समध्ये कंदहार कुठून आलं?

जुलै १८८० मध्ये मैवंदला अयूब खानाच्या फौजेनं इंग्रजांच्या ब्रिगेडचा धुव्वा उडवला. त्या ब्रिगेडमध्ये बॉम्बे ग्रेनेडियर्ससारख्या मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, म्हणजे मेलेल्यांत आपल्याकडचे शिपाईही आले. मग जनरल रॉबर्ट्स दहा हजारांची फौज घेऊन काबूलहून सुमारे ५०० किलोमीटर चालत गेला आणि १ सप्टेंबरला त्यानं अयूब खानाला हरवलं. पुढं उमराव झाला तेव्हा त्याच्या किताबात कंदहार आलं. १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या मोंतानाला इंग्रजांनी उतरणीची शर्यत लावली, तिच्या चषकाला त्याचं नाव दिलं. तेच पुढं क्लबला मिळालं, शर्यतीला मिळालं, अगदी टाच दाबून धरणाऱ्या तारेच्या बंधनालाही ‘कांदाहार’च म्हणू लागले. आमच्या लहानपणी कंदहार म्हणजे डाळिंबं, नंतर विमान अपहरण. तिकडं मात्र पिढ्यान्‌पिढ्या ते नाव सुट्टीच्या मौजेचं होतं. ज्यांचं शहर, त्यांना याची गंधवार्ता तरी होती का?

मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळल्यावर नाझींनी श्नायडरला अटक केली. लननं त्या वर्षीची सेंट आन्टनची शर्यतच रद्द केली. पुढच्या वर्षी श्नायडर अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला पोहोचला आणि तिथं पुन्हा पाचरीपासून शिकवू लागला.

गुलमर्गला स्की आणली ती इंग्रजांनीच. १९२७ मध्ये तिथं स्की क्लब ऑफ इंडिया निघाला. आता शिकवणारे काश्मिरी आणि धडपडणारे आमच्यासारखे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता इथलाच आरिफ खान.

त्या सहलीच्या शेवटच्या दिवशी पुन्हा मेरी शोल्डरला गेलो. पोरगा पुढं, मी मागं. खालच्या पायावर भार टाकत, मोठ्यानं मोजत अकरा वळणं घेतली. बाराव्याला बसलोच, पण डोंगराकडं नाही, दरीकडं तोंड करून. पोरगा वळून हसला. “अब ठीक गिरे, जनाब.”