सर्पगंधा आणि विषाद : एका वनौषधीच्या पुराव्याची छाननी

नीरा नदीच्या उत्तरेस वसलेले बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेचे. सर्पगंधा ही दमट वनांत वाढणारी वनस्पती. साहजिकच या भागात ती यावयाची, तर वाळलेली मुळी, चूर्ण वा गोळी या रूपातच. मनाच्या खिन्नतेवर ती घ्यावी काय, या प्रश्नाचा निर्णय मात्र केवळ परंपरेच्या गौरवाने किंवा तिच्या अव्हेराने होणार नाही.

१९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीचा उपयोग उन्माद व रक्तदाब यांवर होत असल्याचे प्रसिद्ध केले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबाच्या ५० रोग्यांवरील आपले निष्कर्ष एका ब्रिटिश नियतकालिकात मांडले, आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे तिच्यातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. परंतु येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. ही मुळी प्रामुख्याने क्षुब्ध रोग्यास शांत करण्यासाठी दिली जात असे. विषाद हा निराळा विकार होय. चरकसंहितेत उन्मादाची चिकित्सा स्वतंत्र अध्यायात आहे, तर विषादाची गणना वातविकारांत केलेली आहे. ‘मनोविकारावर गुणकारी’ या मोघम शब्दप्रयोगाने खिन्नतेवरील गुण सिद्ध होत नाही.

पुढे नेमके उलट मत रूढ झाले. १९५४ साली अमेरिकेतील फ्राइस यांनी मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रिसर्पीन घेणाऱ्या ५ रोग्यांत खिन्नता आढळल्याचे नोंदविले. अशा नोंदी वाढत गेल्या, आणि मेंदूतील विशिष्ट द्रव्यांच्या उणिवेमुळे विषाद होतो, या सिद्धांतास त्यांचा आधार मिळाला. तथापि अशा नोंदींत तुलनेसाठी दुसरा गट बहुधा नसे. औषधाने येणारी सुस्ती व खरा विषाद यांची गल्लतही होत असे. याउलट १९५५ साली लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील डेव्हिस व शेफर्ड यांनी चिंताग्रस्त व खिन्न अशा ५४ रोग्यांचे यदृच्छेने दोन गट पाडले. एका गटास रिसर्पीन व दुसऱ्यास निष्क्रिय गोळी दिली असता पहिल्या गटात सुधारणा अधिक दिसली. भक्कम पद्धतीचा हा प्रयोग दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

म्हणून सर्पगंधा विषादावर उपयुक्त ठरते, असे म्हणता येईल काय? नाही. प्रयोग लहान होता, आणि तो शुद्ध द्रव्याचा होता, मुळीचा नव्हे. मुळीतील द्रव्यांचे प्रमाण सारखे नसते. एका युरोपीय वनौषधीशी तुलना केल्यास हे अंतर स्पष्ट होते. हायपेरिकमवरील २९ प्रयोगांचा व ५,४८९ रोग्यांचा आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात तिचे अर्क निष्क्रिय गोळीहून सरस ठरले. तरीही ती इतर अनेक औषधांचा परिणाम घटविते.

बारामतीस २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील वा इंदापूरच्या चिकित्सकाने खिन्न रोग्यास ‘कोणती मुळी घेता, किती आणि कशासोबत?’ एवढे विचारणे हाच या इतिहासाचा व्यावहारिक निष्कर्ष होय. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे निश्चित आहे. तिने विषाद उतरतो, हे नाही.