नीरेपलीकडचे भय : भयपट आणि प्रायोगिक चित्रकृती यांतील उत्कंठेचा विचार

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा मार्ग नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरतो, त्या ठिकाणी शिरवळ वसले आहे. सुभानमंगळ गढी आणि १६४८ सालची फत्तेखानाची स्वारी यांमुळे शिवकालाच्या अभ्यासकांस हे गाव परिचित आहे. परिसरातील निरलंकृत बौद्ध लेण्यांमुळे त्याची प्राचीनता त्याहूनही पुष्कळ मागे जाते. चित्रपटाच्या इतिहासात शिरवळचा उल्लेख आढळत नाही. तथापि हे गाव मध्यबिंदू कल्पून भोवतालच्या प्रदेशाकडे पाहिले असता एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. नैर्ऋत्येस खंबाटकी व पसरणी हे दोन घाट चढून गेल्यावर महाबळेश्वर लागते. तेथील सरकारी विश्रामगृहात रामसे बंधूंच्या ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (१९७२) या भयपटाचे चित्रण झाले. उत्तरेस सासवड आहे. तेथील पुरंदरे वाडा ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटात दिसतो. या दोन चित्रपटांमध्ये ४६ वर्षांचे अंतर आहे. या अंतरात भय दाखविण्याच्या रीतीत काय पालट झाला, आणि त्याच काळात मुंबईत चित्रकारांनी केलेल्या चलच्चित्रांच्या प्रयोगांशी त्याचे कोणते नाते आहे, हा येथील विचाराचा विषय होय.

भयाची मीमांसा आपल्याकडे नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात भयानक रसाचे तीन प्रकार सांगितले आहेत : व्याजाने, म्हणजे बतावणीने उत्पन्न होणारा, अपराधातून उत्पन्न होणारा, आणि प्रत्यक्ष त्रासामुळे उत्पन्न होणारा, ज्यास वित्रासितक म्हटले आहे. बीभत्साचा विचार भरताने स्वतंत्रपणे केला, कारण जुगुप्सा आणि भय हे भिन्न स्थायीभाव होत. भयपटांची चर्चा करताना हा भेद बहुधा विसरला जातो, आणि किळस हीच भीती समजली जाते. मात्र नाट्यशास्त्रातील या वर्गीकरणात भयाचे कारण सांगितले आहे, त्याचा काळ सांगितलेला नाही. चित्रपट ही काळावर अधिकार चालविणारी कला असल्यामुळे तेथे काळाचा प्रश्न टाळता येत नाही. आल्फ्रेड हिचकॉक याने १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफो याच्याशी झालेल्या दीर्घ संभाषणात हाच मुद्दा मांडला : टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकास ठाऊक नसेल, तर स्फोटाच्या वेळी क्षणभर धक्का बसतो, ते ठाऊक असेल, तर स्फोटापूर्वीची सारी मिनिटे उत्कंठेने भरून जातात. भय वस्तूत नसून प्रतीक्षेत असते, असा याचा अर्थ होतो.

१९७० पूर्वीच्या हिंदी व मराठी रहस्यपटांत व्याजजन्य भयाचे प्राबल्य होते. ‘महल’ (१९४९) मधील भुताटकी अखेर एका जिवंत स्त्रीची ठरते. ‘बीस साल बाद’ (१९६२) मधील मृत्यूंमागे मनुष्याचाच हात निघतो. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) या मराठी चित्रपटात मृत पत्नीच परत आली की काय, असा भास निर्माण होतो, आणि त्याचा उलगडा न्यायालयीन तर्काने केला जातो. या कथेवरून पुढे हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) निघाला. या सर्व कृतींत भय हे बुद्धीस घातलेले कोडे आहे. कोडे सुटले की भय संपते, आणि प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी परततो.

रामसे कुटुंबाने या परंपरेस निराळे वळण दिले. फतेचंद रामसे यांचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ (१९७०) हा चित्रपट चालला नाही. परंतु त्यातील पृथ्वीराज कपूर यांच्या मुखवटा घातलेल्या चोराच्या प्रसंगासाठी लोक पुन्हा पुन्हा चित्रगृहात येत, ही गोष्ट त्यांच्या पुत्रांनी हेरली, अशी हकीकत कुटुंबीय पुढे सांगत असत. ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ हे त्या निरीक्षणाचे फळ होय. अल्प भांडवल, घरचेच भाऊ तंत्रज्ञ, आणि चित्रणासाठी उभारलेल्या सेटऐवजी धुक्याच्या प्रदेशातील विश्रामगृह, अशी ही निर्मिती होती. धनिक पतीस ठार करण्याचा कट आणि गाडलेल्या मनुष्याने उठून अपराध्यांच्या मागे लागणे हा तिच्या कथेचा गाभा आहे. येथे भय व्याजाकडून अपराधाकडे सरकले. भीती वाटण्याचे कारण अज्ञान हे उरले नाही; जमिनीखाली काय आहे हे कट करणाऱ्यांस पक्के ठाऊक असते. त्यांच्याबरोबर प्रेक्षकही ते जाणतो, आणि म्हणूनच दार वाजण्याची वाट पाहतो. मुखवटे व रंगभूषा ओबडधोबड असूनही हे चित्रपट चालले, याचे कारण या प्रतीक्षेत शोधले पाहिजे. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मध्ये हाच अपराध पिढ्यान्‌पिढ्यांच्या शापाचे रूप घेतो. मात्र शेवट ठरलेला असतो : पिशाच नष्ट होते आणि व्यवस्था पूर्ववत् होते.

याच सुमारास मुंबईत एक वेगळा प्रयोग चालू होता. चित्रकार अकबर पदमसी यांना मिळालेल्या नेहरू शिष्यवृत्तीतून १९६९ साली ‘व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप’ सुरू झाले आणि ते १९७२ पर्यंत चालले. चित्रकार, छायाचित्रकार व चित्रपटकार यांनी एकत्र येऊन कॅमेरा हाताळावा, असा त्यामागील हेतू होता. तेथे तरुण नलिनी मालानी यांनी १९६९ मध्ये ‘ओनॅनिझम’ हा कृष्णधवल लघुपट केला. पलंगावर तळमळणारी एक स्त्री एवढेच त्यात दिसते. या अस्वस्थतेस पूर्वकथा नाही आणि उलगडाही नाही. तय्यब मेहता यांचा ‘कूडल’ (१९७०) फिल्म्स डिव्हिजनने काढला. त्यात वांद्र्याच्या कत्तलखान्यातील जनावरे आणि शहरातील गर्दी यांची दृश्ये शेजारी शेजारी येतात. कोसळणारा बैल हा मेहतांच्या चित्रांतीलही स्थायी विषय होता. भरताच्या परिभाषेत हे वित्रासितक भय होय. येथे भूत नाही, शाप नाही, केवळ घडणारी गोष्ट आहे.

महाबळेश्वरचे विश्रामगृह आणि मुंबईतील ही कार्यशाळा यांचा परस्परांशी संबंध आल्याचे कोणीही म्हणणार नाही. तरीही दोन्ही ठिकाणी साधने तुटपुंजी होती, चित्रपटधंद्याच्या प्रस्थापित चौकटीबाहेर काम चालले होते, आणि प्रश्न एकच होता : प्रेक्षकास थांबवून ठेवावे कसे? उत्तरे मात्र विरुद्ध होती. भयपट प्रतीक्षेची भरपाई करतो, तर प्रायोगिक कृती ती भरपाई नाकारते. पहिल्या प्रकारात भीती चित्रगृहाच्या दारापाशी संपते. दुसऱ्यात ती प्रेक्षकाबरोबर बाहेर पडते. मालानी यांच्या ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’ (१९९८-९९) या व्हिडिओ-मांडणीत ही गोष्ट स्पष्ट होते. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर रचलेल्या या कृतीत समोरासमोरच्या भिंतींवरील दोन स्त्रिया मधल्या जागेपलीकडून एक साडी घडी करू पाहतात. मध्ये पत्र्याच्या ट्रंकांत ठेवलेल्या पडद्यांवर निर्वासितांची दृश्ये चालू असतात. घडी पुरी होत नाही. फाळणीचे भय संपलेले नाही, हे विधान कृतीच्या रचनेतच आलेले आहे.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ मध्ये या दोन प्रवाहांचा काही अंशी मेळ दिसतो. मराठी भयकथेला वाचकवर्ग मिळवून देणाऱ्या नारायण धारप यांच्या कथेचे ऋण त्याने मानले आहे. १९१८ ते १९४७ या काळात घडणाऱ्या या कथेत भयाचे नियम प्रेक्षकास आधीच सांगितलेले आहेत : पिठाचे रिंगण, पिठाची बाहुली, आणि हस्तर येताच मोहरा हिसकावून दोराने वर चढणे. नियम ठाऊक असल्यामुळे प्रत्येक उतरणीस उत्कंठा वाढते. ही हिचकॉकची रीत झाली. मूळ अपराध लोभाचा आहे, आणि तो बापाकडून मुलाकडे जातो. ही रामसेंची वाट झाली. परंतु सतत कोसळणारा पाऊस, पडका वाडा आणि कथेला पुढे न नेणारी दीर्घ दृश्ये यांतून वातावरणालाच जे भय येते, ते प्रायोगिक चित्रकृतींच्या जवळचे आहे. २०१८ च्या व्हेनिस महोत्सवातील समीक्षक-सप्ताहाचा आरंभ या चित्रपटाने झाला, आणि २०२४ मध्ये तो चित्रगृहांत पुन्हा लागला तेव्हाही त्यास मोठा प्रेक्षकवर्ग लाभला.

या विवेचनातून इतिहासकारापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. पदमसी यांच्या ‘इव्हेंट्स इन ए क्लाउड चेंबर’ (१९६९) या चलच्चित्राची एकमेव प्रत हरवली. २०१६ साली आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींच्या आठवणीच्या आधारे त्याची पुनर्रचना केली. मूळ कृती पाहता येत नाही. तिची स्मृती तेवढी पाहता येते. भयपट हलके म्हणून आणि प्रायोगिक कृती दुर्बोध म्हणून, असे दोन्ही प्रकार दीर्घकाळ अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिले. ज्याचा अभ्यास होत नाही ते जतन करण्याची निकड कोणास भासत नाही, आणि जतन न झालेल्या वस्तूचा अभ्यास पुढे अशक्यच होतो. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथून शिरवळ सुमारे ५० किलोमीटरांवर आहे. या परिसरातील विश्रामगृहे, वाडे आणि जत्रांतील तंबूंमध्ये भयपट पाहिलेली माणसे हाही संग्रहाचाच भाग मानला पाहिजे. भयाचा इतिहास हा पडद्यावर काय दाखविले याचा इतिहास नव्हे. प्रेक्षकास किती काळ आणि कशासाठी थांबविले, याचा तो इतिहास होय. तो लिहावयाचा असेल, तर ज्यांनी वाट पाहिली त्यांच्या साक्षी ती माणसे हयात असतानाच नोंदविणे अवश्य आहे.