चांदीपुऱ्याचा विषाणू

१९६५ साली नागपुरात डेंगी आणि चिकुनगुन्या यांची साथ आली होती. तेथील तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात (आताची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) तपासले गेले. त्यांपैकी दोघांच्या रक्तात भट्ट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांना एक निराळाच विषाणू मिळाला. नागपूरच्या चांदीपुरा या ठिकाणावरून त्याचे नाव पडले. पुढे तो वालुमाशीतही सापडला. पण दोन तापकरी रुग्णांवरून त्याची धास्ती कोण घेणार? जवळजवळ चाळीस वर्षे तो यादीतले एक नाव होऊन राहिला.

२००३ मध्ये जून ते ऑगस्ट या काळात तेव्हाच्या आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला, १८३ दगावली. कित्येक तर दवाखान्यात आणल्यापासून एका दिवसातच गेली. नमुन्यांत निघाला तो चांदीपुरा.

विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे तयार व्हायला काही दिवस लागतात. तोवर भिस्त असते ती इंटरफेरॉनवर. १९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी लंडनमध्ये ते शोधले. विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन बाहेर सोडते व शेजारच्या पेशी सावध होतात. मात्र ते बनवण्याची आज्ञा केंद्रकात लिहिली जाते आणि आरएनएच्या रूपात केंद्रकाच्या छिद्रांतून बाहेर यावी लागते. चांदीपुऱ्याचे ‘एम’ प्रथिन नेमकी हीच वाट अडवते, असे २००१ मध्ये अमेरिकेतील प्रयोगांत दिसले. आज्ञा आतच अडकते. विषाणूचे स्वतःचे काम केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात चालते; त्याचे काहीच अडत नाही! विषाणू ‘हुशार’ असतात असे आपण वर्गात सहज म्हणून जातो. याच्याकडे तर अवघी पाच जनुके आहेत. अर्थात मुलांच्या मृत्यूचे सारे कारण या एका प्रथिनात शोधणे घाईचे ठरेल.

२००७ मध्ये नागपूर विभागातच मुलांमध्ये या मेंदूज्वराची साथ आली. अशा वेळी केवळ प्रतिपिंडे शोधणारी चाचणी फसू शकते, कारण ती तयार होण्याआधीच मूल गेलेले असते. म्हणून रक्तात थेट विषाणूचा आरएनए शोधावा लागतो.