रविवार, चहा आणि टेबलावरची जागा

रविवारी सकाळी घरात गॅस पेटवायचा नाही, बाहेर जाऊन न्याहारी करायची, ही पद्धत आता मध्यमवर्गीय घरांत चांगलीच रुळली आहे. आमच्याही घरात ती शिरली. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही दोघे नवराबायको दर रविवारी मुंबईतले एक वेगळे उपाहारगृह गाठतो. धोबीतलावचा इराणी झाला, माटुंग्याचा उडपी झाला, दादर-गिरगावातली मराठी उपाहारगृहे झाली आणि मुलीच्या आग्रहाखातर लोअर परळची नवी कॅफेही झाली. हिचे लक्ष बशीत असते. माझे भिंतीकडे, कारण तिथे बहुधा दुकान सुरू झाल्याचे साल लिहिलेले असते. ही साले जुळवत गेलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आपण जिला साधीसुधी चैन समजतो, तिच्यासाठी आधी दोन गोष्टी मिळवाव्या लागल्या होत्या. एक, रविवारची सुटी. दुसरी, कोणाच्याही शेजारी बसून खाण्यापिण्याची मोकळीक. आणि गंमत अशी की, या दोन्हींचा माग काढत गेले की माणूस १८९० या एकाच सालापाशी येऊन थांबतो.

पहिली गोष्ट गिरणगावातली. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. सूर्य उगवला की भोंगा, मावळला की सुटका. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातली पहिली मागणी रविवारच्या सुटीची. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, ही दुसरी. म्हणजे भाकरी खायला अर्धा तास हवा, हेसुद्धा मागावे लागत होते! सहा वर्षे हा लढा चालला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, हे मला फार मोलाचे वाटते. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दाही लोखंड्यांनी पुढे केला होता, असे सांगतात. आपल्याकडे रविवार इंग्रजांनी आणला असे आपण सहज म्हणतो. पण कचेरीतल्या साहेबाचा रविवार वेगळा आणि गिरणीतल्या साचेवाल्याचा वेगळा. दुसरा मागून, भांडून मिळवलेला आहे. २००५ साली लोखंड्यांचे टपाल तिकीट निघाले, तेव्हा कुठे पुष्कळांना त्यांचे नाव कळले.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली, पुण्याची. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली बडी मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हातात धरून खाली ठेवला. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची यादी 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि पुण्यात जे ग्रामण्य माजले ते दीड-दोन वर्षे शमले नाही. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. प्रायश्चित्ते झाली. रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले आणि सुधारक त्यांच्यावर नाराज झाले. एका कपाची एवढी किंमत!

आज हे वाचताना हसू येते, पण माझ्या आजीने हयातभर बाहेरचा चहा घेतला नाही. पावाला तर ती शिवतही नसे. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कोकणातल्या कथा तिने लहानपणी ऐकल्या होत्या. पाव हा शब्द पोर्तुगीजांचा, भट्ट्या चालवणारे गोव्याचे ख्रिस्ती किंवा मुसलमान. तिच्या लेखी तो खायचा पदार्थच नव्हता.

या पार्श्वभूमीवर इराण्याचे महत्त्व कळते. इराणातल्या यझ्द आणि केरमान भागांतून, गरिबी, दुष्काळ आणि छळ यांना कंटाळून जरथुष्ट्री माणसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईकडे येऊ लागली. त्यांच्या मागोमाग त्याच भागातले काही मुसलमानही आले. पुण्याच्या डेक्कनवरचे १९३५ सालचे 'गुडलक' अशाच एका कुटुंबाचे. मुंबईत 'कयानी' १९०४ चे, ग्रँट रोड स्टेशनासमोरचे 'मेरवान' १९१४ चे. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून इतर व्यापारी घेत नसत आणि ती या मंडळींना स्वस्तात मिळे, ही हकीकत सर्वांच्या तोंडी आहे. तिच्यात खरे किती, ते असो. पण कोपऱ्यावर बसल्यामुळे दुकानाला दोन रस्त्यांकडून दारे मिळाली, आणि दोन्हीकडून कोणीही आत शिरावे असे झाले.

आत काय, तर संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, काचेच्या बरण्यांत खारी आणि नानकटाई, गल्ल्यावर मालक. न्याहारी म्हणजे ब्रून मस्का आणि चहा. ब्रून हा बाहेरून खडखडीत, आतून मऊ असा पाव. तो मस्का लावून, कापून आणतात आणि तो चहात बुडवल्याशिवाय खाता येत नाही. निदान माझ्या दातांना येत नाही. शिवाय ऑम्लेट, खिमा, आणि 'मेरवान'चा मावा केक. इराण्याकडचा गरीब-श्रीमंत भेद फक्त एवढाच, की एकाने नुसता चहा मागवायचा आणि दुसऱ्याने वर ऑम्लेट. टॅक्सीवाला, कारकून, रात्रपाळी संपवून आलेला कामगार एकाच टेबलावर बसत. ज्यांची बिऱ्हाडे गावी आणि स्वतः चाळीतल्या गाळ्यात दहाजणांत राहणारे, त्यांना सकाळचा गरम घोट इथेच मिळे. दुपार-रात्रीच्या जेवणाला खाणावळवाली असे. पण सकाळ इराण्याची. माझे वडील नोकरीसाठी मुंबईत आले तेव्हा त्यांची पहिली चार वर्षे अशीच गेली. आजीला त्यांनी ते कधी सांगितले नाही.

इराण्याकडे सूचनांचा सुकाळ. उधार मागू नये, केस विंचरू नयेत, फार वेळ बसू नये! धोबीतलावच्या 'बस्तानी'तल्या अशा पाटीवरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविताच केली. 'बस्तानी' २००४ मध्ये बंद झाले. २०१४ मध्ये 'मेरवान' बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा मावा केकसाठी लोकांनी रांगा लावल्या. ते पुन्हा उघडले, हे आपले नशीब.

हिंदूंची उपाहारगृहे निघाली ती वेगळ्या वाटेने. खाणे बाहेरचे, पण हात आपल्यातला, ही त्यांची हमी होती. दादरला मामा काण्यांनी १९१० मध्ये उपाहारगृह काढले, त्याच्या नावातच 'स्वच्छ' हा शब्द होता. त्या काळी स्वच्छतेचा अर्थ नुसता फडक्यापुरता नसे, हे समजून घ्यायला हवे. माटुंग्याचे उडपीही याच परंपरेतले. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने दादर-माटुंग्याला नव्या वसाहती आखल्या. तिथे कचेऱ्यांतले, रेल्वेतले दक्षिणी कारकून राहायला आले. त्यांच्यापाठोपाठ दक्षिण कन्नडातली पोरे आली, कपबशा विसळता विसळता रात्रशाळेत शिकली आणि पुढे मालक झाली. 'कॅफे मद्रास' १९४० चे, रामा नायकांचे श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे.

या सगळ्या कौतुकात एक गोष्ट विसरली जाते. शहरात जात विचारणारा कमी भेटे, पण भेटे. गावाकडे तर दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर कोनाड्यात ठेवलेली असे आणि ती त्यांनीच विसळून ठेवायची. १९५० साली आपले संविधान अमलात आले. त्याच्या पंधराव्या कलमात दुकानांच्या बरोबरीने सार्वजनिक उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख आहे: धर्म, जात, लिंग यांवरून तिथे कोणालाही मज्जाव करता येणार नाही. देशाच्या मूलभूत कायद्यात हॉटेलाचे नाव घ्यावे लागले, यावरून ती बंद दारे किती घट्ट होती ते ओळखावे. मग १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा आला. कोनाड्यातली कपबशी त्यानंतरही बरीच वर्षे जागची हलली नाही.

बायकांचे तर आणखी निराळे. जुन्या उपाहारगृहांत एका कडेला लाकडी आडोसा आणि पडदा लावून 'फॅमिली रूम' केलेली असे. बाई आली की पोऱ्या तिकडे बोट दाखवी. ही सांगते, कॉलेजात असताना त्या चौघी मैत्रिणी पहिल्यांदा बाहेरच्या टेबलावर बसल्या, तेव्हा सारे हॉटेल मान वळवून बघत होते. तो साबुदाण्याचा वडा तिला अजून आठवतो, चवीसाठी नव्हे.

लोअर परळची कॅफे मात्र मला बुचकळ्यात टाकतात. तिथे रविवारच्या उशिराच्या न्याहारीला 'ब्रंच' म्हणतात. हा शब्द १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने चालवला, शनिवारी रात्री जागून रविवारी उशिरा उठणाऱ्यांच्या सोयीसाठी. आणि आज तो मिळतो कुठे, तर कमला मिल आणि फिनिक्स मिलच्या आवारात! १९८२ च्या संपानंतर गिरण्या संपत गेल्या, त्यांच्या जागी हे आले. ज्या गिरणगावाने रविवार मागितला, त्याच्या नातवंडांपैकी किती जण तिथे अंडे-टोस्टला साडेचारशे रुपये मोजू शकतात? मुलगी म्हणाली, "बाबा, खाताना हिशेब करू नका." अंडे चांगले होते, हे कबूल करतो.

माटुंग्याला रविवारी फूटपाथवर नाव नोंदवून उभे राहावे लागते आणि जागा मिळाली की अनोळखी माणसांबरोबर एकाच टेबलावर बसवतात. मागच्या वेळी आमच्यासमोर एक आजोबा आणि त्यांची नात होती. सांबार त्यांचे आधी आले, तर त्यांनी वाटी आमच्याकडे सरकवली. इडली घेऊन आलेल्या पोराला मी विचारले, तुला सुटी कधी? कामगाराला आठवड्याची एक सुटी, हे १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने हॉटेलातल्यांनाही मिळालेले आहे. तो म्हणाला, "सोमवारी." मग काय करतोस?

"उशिरा उठतो, आणि इराण्याकडे जाऊन चहा-पाव खातो."

इडली नाही? या प्रश्नावर तो नुसता हसला आणि चटणीचे भांडे घेऊन पुढच्या टेबलाकडे गेला.